सुपडूचा करदोडा

संपादकांचा मुलगा घरी आला आणि म्हणाला, "आक्का, तुम्ही जेलमध्ये नोकरी केलीत, आमच्या अंकासाठी एखादी भुताची गोष्ट द्या ना. फाशीची कोठडी, साखळ्यांचा आवाज, असं काहीतरी." मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, बाबा रे, आमच्याकडे फाशीची कोठडी नव्हती आणि साखळीचा आवाज यायचा तो जेलरसाहेबांच्या कुत्र्याचा. भूत म्हणशील तर चोवीस वर्षांच्या नोकरीत एकदाच पाहिलं. तेही चांगलं जिवंत होतं. ते मीच तयार केलं होतं, माझ्या या फाटक्या तोंडानं.

मी मेट्रन होते. म्हणजे बायकांच्या बराकीची राखण आणि भेटीला येणाऱ्या बायकांची अंगझडती. नातेवाईक विचारायचे, काय काम करतेस, तर मी सांगायची, लोकांच्या बायकांची अंगं चाचपते. आमच्या सासूबाईंना हे उत्तर अजिबात आवडायचं नाही. धुळ्यात नोकरी झाली, जळगावात झाली. ही हकिगत कुठल्या जेलातली ते सांगणार नाही. उगाच कोणाच्या नावाला बट्टा नको. चूक माझी, जेलची नाही.

ज्यांच्या घरातलं कोणी कधी आत गेलं नाही (देव करो, जाऊही नये) त्यांच्यासाठी थोडं सांगते. माणूस पकडला की आधी पोलिसांच्या कोठडीत. चार-आठ दिवसांनी कोर्ट त्याला आमच्याकडे पाठवतं. आमच्याकडे आला की नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरच्या खुणा वहीत उतरवायच्या, वजन करायचं, आणि अंगावरचं सगळं काढून घ्यायचं. पट्टा, पायजम्याची नाडी, गळ्यातला दोरा. ज्यानं गळफास लावता येईल असं काही आत जात नाही. आमच्या जेलरसाहेबांच्या हाताखाली पूर्वी कधीतरी एक माणूस लटकलेला, त्यामुळे ते कमरेचा करदोडासुद्धा तोडून घ्यायचे. तोडलेला दोरा केराच्या डब्यात. बाकी वस्तू त्याच्याच रुमालात बांधून ठेवायच्या आणि घरचं कोणी आलं की अंगठा घेऊन द्यायच्या.

भेटीला येणाऱ्या बायका सगळ्या सारख्या. आधी रडतात, मग विचारतात, "जेवतो का हो?" वकील कोण, कलम काय, हे नंतर. वांग्याच्या भरतात विड्या दडवणाऱ्या, कळण्याच्या भाकरीला मधून फाडून आत चिठ्ठी घालणाऱ्या, सगळ्या मी पाहिल्या. एकीनं तर अंबाड्यात तंबाखूची पुडी खोवली होती, आणि मी काढली तर मलाच म्हणाली, "बाई, तुमाले नवरा नही का?" मी म्हटलं, आहे, पण तो तंबाखू स्वतःच्या पायानं आणतो. असं चालायचं. तोंड कडू ठेवल्याशिवाय ते काम होत नाही, आणि कडू ठेवता ठेवता ते कडूच राहतं, हे मात्र कोणी आधी सांगत नाही.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमाराची गोष्ट. पोळा होऊन गेला होता. पारोळ्याकडच्या एका खेड्यात वेशीतून कोणाची बैलजोडी आधी जायची, यावरून काठ्या निघाल्या. एकाचं डोकं फुटलं. तो वाचला, पण खुनाचा प्रयत्न म्हणून तिघांना धरलं, त्यात सुपडू; बाकीचे दोघं परगावचे पाहुणे. बावीस वर्षांचा, लग्नाला चार महिने झालेला. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली म्हणून हा जन्मला तेव्हा आईनं त्याला सुपात घालून दारात ठेवला, कोणाचं तरी टाकलेलं पोर उचलल्यासारखा घरात घेतला, आणि नाव ठेवलं सुपडू. आमच्या खानदेशात घरटी एक तरी सुपडू सापडेल. मरणाला वाटावं, हे काही यांचं पोर नाही, आणि त्यानं दार ओलांडून पुढं जावं.

त्या सुपडूच्या करदोड्यात आईनं चांदीचा ताईत ओवला होता. चांदी असल्यामुळे तो करदोडा केरात गेला नाही. तोडला तसाच रुमालात बांधला गेला.

बुधवारी दुपारी त्याचा बाप आला. सगळे त्यांना नाना म्हणत. भेटीचे वार मंगळवार आणि शनिवार, बुधवारी कोणी भेटत नाही. फाटकावरचा हवालदार जेवायला गेला होता, मला म्हणाला होता, "आक्का, कोणी सामान न्यायला आलं तर देऊन टाका." माझं त्या दिवशी सकाळीच घरी भांडण झालेलं. दाराच्या झरोक्यातून मी पाहिलं तर पांढरी टोपी, धोतर, हातात डबा.

"मना पोर्‍या कसा शे, बाई?"

मी रुमालाचं गाठोडं त्यांच्या हातात दिलं, वहीवर अंगठा घेतला आणि म्हटलं, "हे घ्या त्याचं. भेट नाही. डबा परत न्या, आता त्याला डबा लागत नाही. उगाच चकरा मारू नका."

म्हणजे काय, तर पोराला आतलं जेवण मिळतं, घरच्या डब्याला कोर्टाची परवानगी लागते, आणि भेट शनिवारी. एवढं नीट सांगायला मला किती वेळ लागला असता? पण नाही सांगितलं. झरोका लावला.

थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं तर म्हातारा समोरच्या कट्ट्यावर बसलेला. मांडीवर रुमाल सोडलेला, त्यात कंगवा, बसचं तिकीट. आणि उघड्या तळहातावर तो काळा दोरा. तोडलेला. ते हलत नव्हते, रडत नव्हते, नुसते बघत होते. मला वाटलं, बसू दे, ऊन उतरलं की जाईल.

आता हे वाचणाऱ्या शहरातल्या लोकांना कळणार नाही, पण मला कळायला हवं होतं. मी काही विलायतेहून आले नव्हते. आमच्याकडे पुरुषाच्या कमरेचा करदोडा जुना झाला तर आधी नवा बांधतात, मग जुना तोडतात. कंबर क्षणभरही मोकळी ठेवत नाहीत. ती मोकळी होते एकदाच, सरणावर. बापाच्या हातात पोराचा तोडलेला करदोडा दिला आणि म्हटलं, आता त्याला डबा लागत नाही. याहून स्पष्ट आणखी काय सांगायचं असतं?

शनिवारी नाना पुन्हा आले. टोपी नव्हती. डोक्याचा गोटा केलेला, मिशी उतरवलेली. सोबत भाऊबंदांपैकी दोघं, तेही तसेच. हवालदाराला हात जोडून म्हणाले, "साहेब, तुम्ही परभारे जाळं, ठीक शे. आमले राख तरी द्या. तापीमा सोडतस." हवालदाराला वाटलं, म्हाताऱ्याच्या घरात कोणी गेलंय आणि दुःखानं काहीतरी बरळतोय. त्यानं सुपडूचं नाव पुकारायला लावलं आणि तिघांना भेटीच्या खोलीत आणलं. मी तिथंच एका बाईची झडती घेत होते.

भेटीची खोली म्हणजे मधे कमरेएवढी भिंत आणि तिच्यावर छतापर्यंत दोन जाळ्या, हातभर अंतरानं. एका जाळीची भोकं दुसरीच्या तारांवर येतात. माणूस समोर उभा असला तरी चेहरा दाणेदार दिसतो, हलला की विरतो. पावसाळी दिवस, आतल्या बाजूला एकच बल्ब. सुपडूचे केस आत आल्यावर कापलेले, गाल बसलेले. तो जाळीपाशी आला, बापाच्या डोक्याकडे पाहिलं आणि असा ओरडला की माझ्या हातातली झडतीची बाई घाबरून खालीच बसली.

"माय! मनी माय कव्हय गयी?"

डोक्याचा गोटा केलेला बाप समोर आला, तर आई गेली याशिवाय पोरानं दुसरं काय समजायचं?

आणि नाना एक पाऊल मागं सरले. मग वाकले. आधी मला कळेना ते काय करताहेत. भिंतीपाशी गुडघे टेकून, मान तिरकी करून ते खालून बघायचा प्रयत्न करत होते. पण खाली भिंत. पाय दिसेनात.

"पाय दखाड," नाना म्हणाले. आवाज अगदी हळू, आंधळ्याशी बोलावं तसा. "तुना पाय दखाड माले."

लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेलं असतं, मेलेला माणूस सगळं हुबेहूब घेऊन येतो, चेहरा, आवाज, नाव. फक्त पाय उलटे असतात. पलीकडे पोरगं जाळीला डोकं आपटून आईसाठी रडतंय, अलीकडे बाप त्याच्या पायांसाठी जमिनीवर वाकलाय. दोघं समोरासमोर, एकाच घरातल्या दोन वेगळ्या मयतांचं दुःख करत होते, आणि मयत झालंच नव्हतं. मी धावले, म्हटलं, "नाना, अहो जिवंत आहे तो! करदोडा आम्ही तोडला, सगळ्यांचाच तोडतो!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बाई, बुधवारे तू येगळंच सांगं." आणि तिघं निघून गेले. वळूनही पाहिलं नाही. वळून बघायचं नसतं ना.

सुपडूनं त्या दिवसापासून जेवण सोडलं. मी स्वतः बराकीच्या दारापर्यंत गेले. "तुझी आई आहे रे." तर म्हणतो, "आक्का, तुम्ही खोटं बोलतस. मी बापनं डोकं देखं." जेलरसाहेबांनी गावी पत्र टाकलं, ते पोचायचं तेव्हा पोचणार. मंगळवारी कोर्टानं जामीन मंजूर केला. जामीनदार म्हणून बापच हवा, सातबारा घेऊन. नानांनी आधीच लावलेल्या वकिलानं बसमधल्या माणसाबरोबर निरोप धाडला. उलटा निरोप आला, मरेल माणूसना कसाना जामीन? म्हणजे मेलेल्याला कसला जामीन.

गुरुवारी डॉक्टरांनी त्याचं वजन करायला लावलं. ऑफिसात काट्यावर अनवाणी उभा होता, भिंतीला हात टेकून. डॉक्टर जेलरसाहेबांना म्हणाले, हा असाच राहिला तर मी जबाबदार नाही. मी बोटं मोजली. बुधवार पहिला धरला तर उद्या दहावा. उद्या नदीवर पिंड ठेवणार, कावळा शिवणार, आणि मग तर ब्रह्मदेव आला तरी त्या घरात सुपडू जिवंत होणार नाही. मी रजा टाकली. शुक्रवारी पहिल्या एस.टी.नं निघाले. घरी सांगितलं, मावशीकडे जाते.

नदीकाठी पंधरा-वीस माणसं होती. केळीच्या पानावर पिंड ठेवलेला, माणसं लांब उभी. बायका दहाव्याला नदीवर येत नाहीत, पण तिथं एक बाई होती. पिंडाच्या अगदी जवळ, लुगड्याचा काचा मारलेला, हातात तुरीची लांब काठी. वडाच्या झाडावर कावळे होते चांगले दहा-बारा. एखादा खाली झेपावला की ती काठी फिरवायची. "हाड्! हाड्!"

ती कौतिकबाई, सुपडूची आई. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. भाऊबंद ओरडून थकले होते. सुनेच्या बांगड्या फोडायला बायका आल्या तेव्हा तिनं सुनेला कोठीत घालून बाहेरून कडी लावली होती, असं मला नंतर कळलं.

"कौतिक, बाजूले व्हय," नाना म्हणाले. "त्याले जाऊ दे. आडकी ऱ्हायना तो."

"मी शिवू देवाव नही. तीन ली गया, मी काही बोलनू का? हाऊ मी सुपमाईन उचलेल शे. हाऊ त्यासना नही."

मी पुढं होऊन सांगितलं कोण, कुठली. माणसं अंगावर आली. जेलवाली! कोणी म्हणालं, हिनंच गाठोडं दिलं. मी म्हटलं, हो, मीच दिलं. मला शंभर शिव्या घाला, पण जामिनाला चला, पोरगं आत उपाशी मरतंय. नाना नुसते मान हलवत राहिले. "मी देखं त्याले. त्याले पाय नही व्हतात."

तेव्हा कौतिकबाई माझ्याकडे वळली. काठी तशीच उगारलेली. "बाई, तुम्ही देखात का पाय?"

आणि माझ्या डोळ्यांपुढं तो वजनकाटा आला. मी म्हटलं, "पाहिले. काल. सरळ आहेत. डाव्या अंगठ्याला नख नाही."

कौतिकबाईनं काठी टाकली आणि नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली. "बैलनी पाय दिधा व्हता. कोणले माहीत व्हतं हाई? सांगा ना! तुमले, माले, आन त्याले." नाना खाली बसले. मग दोन्ही हात उघड्या डोक्यावर ठेवून लहान पोरासारखे रडले. मीही रडले, खोटं कशाला बोलू? सोसायटीच्या कामासाठी काढलेला सातबारा घरात होताच. लोक भराभर गावाकडे निघाले.

मी सगळ्यांत मागं होते. चप्पल चिखलात रुतली म्हणून वाकले आणि सहज मागं पाहिलं.

पिंड तसाच राहिला होता. काठीवाली गेली होती. एक कावळा खाली आला, पानाभोवती चालला, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आणि पिंडाला चोच लावली.

मी हे आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. म्हणाल, कावळ्याला भूक लागते, त्यात काय. मीही तेच म्हणत होते, एस.टी.त बसल्यावर दोन तास, मनातल्या मनात. शेजारी कौतिकबाई. तिच्या मुठीत नवा करदोडा, वाटेत पारोळ्याला घेतलेला, त्यात तोच जुना ताईत ओवत होती. मधेच मला विचारलं, "बाई, तुमना हात गार का बरं पडनात?" मी म्हटलं, खिडकीचा वारा.

कोर्टाचं काम वकिलानं उरकलं. मी त्यांच्या आधी फाटकावर पोचले आणि हवालदाराला विचारलं, "सुपडू कसा आहे?"

"झोपलाय. सकाळपासून उठवलं, उठला नाही."

"श्वास बघितलास का?"

"आक्का, तुम्हाला झालंय काय?"

पुरुषांच्या बराकीत मला जाता येत नाही. कोर्टाचा कागद आत गेला. त्याचं नाव पुकारलं गेलं, एकदा, दोनदा, तीनदा. संध्याकाळच्या सुटकेच्या वेळी फाटकापुढं एरवी गलका असतो, त्या दिवशी आम्ही चौघंच, नाना, कौतिकबाई, वकील आणि मी. तिसऱ्या हाकेनंतर आत कोणी हललं की नाही, कळेना. माझे कान नुसते फाटकाला लागलेले. त्या कावळ्याची वाकडी मान डोळ्यांपुढून जाईना. देवा, माझ्या तोंडाला लकवा भर, पण पोरगं बाहेर काढ, असं मी म्हटलं.

आमच्या मोठ्या फाटकात एक लहान दार असतं. खाली उंच उंबरा, वर ठेंगणी चौकट. त्यातून बाहेर यायचं म्हणजे वाकून आधी पाय बाहेर टाकावा लागतो, डोकं मागाहून. रोज शंभर वेळा पाहिलेलं, पण माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. नानांच्या आलं. ते दारासमोर मातीत मांडी घालून बसले होते.

कडी वाजली. दार उघडलं. आतून एक अनवाणी पाय बाहेर आला, डावा. सुकलेला, धुळीनं माखलेला. अंगठ्याला नख नव्हतं.

नानांनी तो दोन्ही हातांनी धरला. टाचेवरून हात फिरवला, बोटांवरून फिरवला, पुन्हा टाचेवरून. "सरळ शे," ते म्हणाले. "सरळ शे व, कौतिक!" आणि पाय सोडेनात. पोरगं अर्धं आत, अर्धं बाहेर, तोल सावरायला चौकट धरून उभं. मागून हवालदार ओरडतोय, "अरे, बाहेर व्हा की!"

कौतिकबाई ऐकते होय! तिनं नवऱ्याच्या डोक्यावरून हात घालून पोराचा सदरा वर केला होता आणि वाकून त्याच्या मोकळ्या कमरेला करदोडा गुंडाळत होती. करदोडा बांधल्याशिवाय ती त्याला उंबरा ओलांडू देणार नव्हती.

सुपडूला उजेड सोसत नव्हता. आई वर केलेल्या सदऱ्याआड होती, खाली पाहिलं तर त्याला फक्त बापाचं उघडं डोकं दिसलं. त्यावर हात ठेवून तो हुंदके द्यायला लागला. "नाना, खरं सांग. मनी माय कव्हय गयी?"

"गुपचूप उभा ऱ्हाय," कमरेपाशी वाकलेली त्याची आई म्हणाली. "गाठ सुटी जाई."